खंडित गणित

गडचिरोली
९ फेब्रुवारी

कहकशाँ आपा,

फोन करू नकोस म्हणालीस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस, म्हणून पत्र लिहितोय.

घरी आपण सगळे हिंदी बोलतो, पण तू चिडलीस की वर्गातल्या बाईंसारखी मराठीवर येतेस. गेल्या वर्षी त्या दिवशीही आलीस. "अनस, काहीतरी एक पूर्ण करशील तरच मला फोन कर." आणि ठेवलास. मी बल्लारशाच्या प्लॅटफॉर्मवर उभा होतो, पाठीवर पॉलिटेक्निकची बॅग, आणि शेजारी एक माणूस कोंबड्यांची टोपली घेऊन उकिडवा बसला होता. कोंबड्यांचं नंतर सांगतो, नाहीतर मुद्दा राहून जाईल.

मुद्दा असा की मी कॉम्प्युटरच्या डिग्रीला अर्ज केलाय. बाहेरून, मुक्त विद्यापीठाच्या इथल्या केंद्रातून. हसत असशील तर हसून घे. तुझी यादी मला पाठ आहे: सायन्सची बारावी अर्धी, मोटर वाइंडिंग अर्धं, पॉलिटेक्निक एक सेमिस्टर. मधे बाहेरून बारावी केली ती तू धरत नाहीस, कारण आर्ट्समधून केली आणि गणित घेतलं नाही. आता तेच नडतंय. गणित नसलेल्यांना प्रवेशाआधी गणिताचा एक पेपर पास व्हावा लागतो. जूनमध्ये. अब्बूंनी सांगून ठेवलंय की हा शेवटचा. नापास झालो तर राजुऱ्याला परत यायचं आणि दुकानात कापूस पिंजायच्या मशीनवर बसायचं. रागावून नाही म्हणाले. गादीला टाके घालता घालता म्हणाले, सुई न थांबवता. त्यामुळे मला खरं वाटलं.

कॉम्प्युटरच का, असं विचारशील. सध्या मी जाहिद चाचांच्या टेम्पोवर आहे, बांगड्या आणि प्लास्टिकचे डबे, आठवडी बाजार करत हिंडतो. टेम्पोत बसल्या बसल्या मोबाईलवर एक छोटा प्रोग्राम लिहिला. वार टाकला की त्या दिवशी कुठल्या गावचा बाजार ते सांगतो. चाचांना दाखवला. ते म्हणाले, "हे त मले तोंडपाठ आहे. याले लाइट लागते, मले नाई लागत." बरोबरच आहे त्यांचं. पण आपा, तो लिहिताना मी चहा प्यायचा विसरलो. माझं लक्ष कुठेच गेलं नाही. असं मला आधी कधी झालेलं आठवत नाही.

तर पेपर. त्यात दोन पर्याय आहेत. पर्याय अ, सलग गणित. पर्याय ब, खंडित गणित. अर्जावर यापलीकडे काही नाही. काउंटरवर विक्की म्हणून पोरगा बसतो, माझ्याच वयाचा, पण खुर्चीवर बसतो म्हणून मला बे म्हणतो. त्यानं माझे कागद चाळले. शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र वरच होतं, स्टॅम्पपेपरवर, कोर्टाजवळून करून आणलेलं. ते बघून म्हणाला, "तुह्या शिक्षणात खंड आहे ना बे? मंग तुले खंडितच. सलग त्याइले, ज्याईचं सलग झालं."

मागे रांगेत लोक होते. दोघं हसले.

मी म्हटलं, नक्की का? तर त्यानं कॉम्प्युटरवर इंग्रजी नाव काढलं, डिस्क्रीट, आणि मोबाईलवर त्याचा अर्थ पाहिला. अर्थ निघाला: तोंड बंद ठेवणारा, सावध. म्हणाला, "पाय, गुपचूप करायचं गणित आहे. कोणाले नको सांगू."

मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि सलगवर खूण केली.

आता तू सांग. तू बीएस्सी गणित केलंस. आरमोरीची अर्धी पोरं तुझ्या ओसरीवर दहावी पास होतात. बरोबर केलं की नाही? खूण बदलायला मेअखेरपर्यंत वेळ आहे, तीही एकदाच. उत्तर जाहिद चाचांच्या पत्त्यावर टाक. बस लागली, बाकी पुढच्या

अनस


चामोर्शी
६ एप्रिल

आपा,

तुझं उत्तर नाही. टपाल हळू चालतं असं मी स्वतःला महिनाभर सांगितलं. आता पुरे.

ईदला तू राजुऱ्याला आली होतीस हे अब्बूंनी कळवलं. मी नव्हतो. शीरखुर्मा चाचांच्या टेम्पोत प्यायलो, स्टीलच्या डब्याच्या झाकणातून, कारण पेले विकायचे होते.

सलग गणिताचं सांगतो. एक जुनं पुस्तक मिळालं, त्याची पहिली काही पानं नाहीत. ते थेट सीमेपासून सुरू होतं. एक्स दोनाकडे जातो. जात राहतो. पण दोन होत नाही. मी रोज दुपारी बाजारात सावली धरून हे वाचतो. गिऱ्हाईक येतं, बाई हात पुढे करते, मी बांगडी चढवतो, ती हातावरून सरकते आणि मनगटापर्यंत जाते. बांगडी पोचते. एक्स पोचत नाही. एकदा चाचांनी विचारलं काय वाचून राह्यला. मी सांगितलं, एक आहे, तो जवळ जवळ जातो पण पोचत नाही. चाचा म्हणाले, "मंग त्याले गणितात काऊन टाकलं? आपल्या घरी पाठवा, तुह्या जोडीले." दिवसभर स्वतःच्याच विनोदावर हसत होते.

मी थकलोय आपा. पूर्वी कशानंही इतका थकत नव्हतो, कारण थकायच्या आधीच सोडून द्यायचो. आता बसून राहावं लागतं. उकाडा आहे. आष्टीच्या रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक एकामागे एक चाललेले असतात, त्यांची लाल धूळ पुस्तकाच्या पानांवर बसते, आणि मी बोटानं धूळ पुसतो तेव्हा अभ्यास केल्यासारखं वाटतं. अवकलनाचं सूत्र मला पाठ आहे. ते कशासाठी आहे हे कळत नाही. पुस्तकात गाडीचा वेग काढायचं उदाहरण आहे. आमच्या टेम्पोचा काटा कधीचा मोडलाय, चाचा आवाजावरून वेग सांगतात. केंद्रात सराव परीक्षा झाली. मार्क विचारू नकोस.

गेल्या आठवड्यात आरमोरीच्या बाजारात होतो. तुझं घर तिथून किती लांब आहे हे मला माहीत आहे. आलो नाही. तू फोन म्हणाली होतीस, घरी येण्याचं बोलली नव्हतीस, पण इतकं कायद्यानं वागायला मलाही लाज वाटते. अब्बूंचे जावई, इनायतभाई, मात्र आले. हाताला कूलरचं गवत चिकटलेलं, दुकानातून तसेच उठून आले होते. चहा पाजला. माझी तब्येत विचारली, अब्बूंची विचारली, टेम्पोची विचारली. तुझं काहीच बोलेनात. मग मीच विचारलं, पत्र मिळालं का?

"मिळालं ना. दोन वेळा वाचलं. लाल पेन घेऊनच बसली होती," म्हणाले.

मी विचारलं, काय म्हणाली?

त्यांनी बोटाला चिकटलेली एक काडी काढून टाकली. मग म्हणाले, "एवढंच म्हणाली का, खंडितचा अर्थ त्यानं कोणाले विचारला का, का त्या काउंटरवाल्या पोट्ट्यालेच विचारला."

बस. बाकी काही निरोप नाही. आपा, वर्गातल्या पोरांनाही तू असंच करतेस ना? उत्तर देत नाहीस, उलटा प्रश्न टाकतेस आणि खडू खाली ठेवतेस. मी तुझ्या ओसरीवरचा पोरगा नाही.

पण विचार करतोय. अर्थ कोणाला विचारणार? चाचांना विचारला तर ते म्हणाले, मूर्ती खंडित होते, तुमच्या दिव्यानी मॅडमला विचार. दिव्यानी मॅडम म्हणजे केंद्राच्या मुख्य. त्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतात म्हणतात, आणि मी त्या सोमवारी कुठल्या तरी बाजारात असतो. माझ्या डोक्यात त्या शब्दाचा एकच अर्थ बसलाय, रांगेतले ते दोघं हसले तेव्हाचा. खंडित म्हणजे तुटलेला. मोडकं गणित मोडक्यांसाठी. त्या रकान्यात मी खूण करणार नाही, नापास झालो तरी चालेल, असं मी त्या दिवशी ठरवलं होतं. हे मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

चाचा हॉर्न वाजवताहेत. मोहाचा वास येतोय, रस्त्याच्या कडेला बाया फुलं वेचताहेत, आणि एक


धानोऱ्याच्या पुढे
१४ मे

आपा,

मागचं पत्र अर्धंच टाकलं. "आणि एक" च्या पुढे काय होतं ते आता मलाही आठवत नाही.

बाजार बंदच पडलेत. तेंदूपत्त्याचा हंगाम आहे, सगळं गाव पहाटे जंगलात जातं, बांगड्या घेणार कोण? चाचा राजुऱ्याला गेले. मी इथेच उतरलो, गुणाबाईंच्या घरी. त्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक, हिरव्याच बांगड्या घेतात आणि प्रत्येक वेळी भाव करताना चाचांच्या दाढीची चौकशी करतात. म्हणाल्या, राहा, जेवा, पानं बांधू लाग. म्हणून राहिलो. अभ्यासाला शांतता मिळेल असं वाटलं होतं.

शांतता आहे. पहाटे अंधारात निघायचं, अस्वल असेल तर आरडाओरडा करत चालायचं, पानं तोडायची, ऊन चढायच्या आत परतायचं. दुपारी अंगणात बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात सत्तर पानं, पानाला पान लावून, वर दोरी. मग संध्याकाळी ते फळीवर न्यायचे, म्हणजे ठेकेदाराचं खरेदीचं ठिकाण. तिथे मुन्शी मोजून घेतो आणि उन्हात ओळीनं मांडायला लावतो.

पहिले दोन दिवस मी मोजून बांधले. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सत्तर पानांची जाडी माझ्या मुठीत बरोबर मावते. मग कशाला मोजायचं? मूठ भरली की दोरी. माझा वेग दुप्पट झाला. गुणाबाई आत स्वयंपाकात होत्या. मी एकीकडे पुस्तक उघडं ठेवून अवकलनही वाचत होतो, आणि मला वाटलं, आज पहिल्यांदा दोन गोष्टी एकदम जमल्या.

फळीवर मुन्शीनं माझा एक पुडा उचलला, हातात तोलला, सोडला आणि मोजला. एकसष्ट. दुसरा सोडला. चौऱ्याहत्तर. तिसरा त्यानं सोडलाच नाही. सगळा ढीग पायानं बाजूला सारला आणि गुणाबाईंना म्हणाला, परत न्या. कोवळी पानं पातळ, जून पानं जाड. मुठीला ते कळत नाही. मलाही कळलं नव्हतं.

परतताना त्यांच्या डोक्यावर तेच गाठोडं, दिवसभराचं. अंगणात ते उतरवलं, बसल्या, पाणी प्यायल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"धान होय का रे हे, पोट्ट्या? धान मापतेत. हे मोजा लागते."

मी म्हटलं, अंदाज चुकला.

"पानाले अंदाज नाई राहत. येक पान म्हंजे येक पान. अर्धं पान कुठी पाह्यलं का तू?"

मग आम्ही सगळे पुडे सोडले. मी मोजत होतो, त्या बांधत होत्या. दोन पानांच्या मध्ये काहीच नसतं, आपा. तांदूळ पायलीत ओतला की एक दाणा कमी काय, जास्त काय, कोणी बघत नाही. तो वाहतो, खाली बसतो, काठाशी हातानं सारखा करता येतो. पान तसं वाहत नाही. एक संपतं, मग दुसरं सुरू होतं. मधे काही नाही, तरी काही तुटलेलं नाही. पान धड आहे. फक्त वेगळं आहे.

मी पानं मोजता मोजता थांबलो. गुणाबाई म्हणाल्या, "काऊन थांबला? भुललास का आकडा?"

भुललो होतो. तो पुडा पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागला.

पण आकडा भुललो तो शब्दामुळे. खंडित. तू विचारलं होतंस अर्थ विचारला का म्हणून. अर्जासोबत एक पुस्तिका आली होती, ती मी बॅगेच्या तळाशी टाकली होती, कारण तिच्यावर दोन्ही नावं छापलेली होती आणि मला दुसरं नाव वाचायचं नव्हतं. हात धुवून ती काढली. पर्याय अ: सीमा, अवकलन, संकलन. जे मापायचं ते. पर्याय ब: संच, तर्क, मोजणीचे नियम, ठिपके-रेषांची जाळी. जे मोजायचं ते. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की संगणकाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी शक्यतो पर्याय ब आधी करावा, कारण संगणक आत सगळं सुटं सुटं करूनच हाताळतो. सलग गणित पुढच्या वर्षांत सगळ्यांनाच येतं, तेव्हा करता येईल.

म्हणजे ते मोडक्यांसाठी नव्हतं. ज्या कामासाठी मी अर्ज केला त्याच कामासाठी होतं. माझा तो बाजारांचा प्रोग्रामही सुटाच होता, सोमवार किंवा मंगळवार, मधला वार नसतो. तीन महिने मी एक्सच्या मागे चाललो, कारण रांगेत दोघं हसले.

गुणाबाईंनी विचारलं, पुस्तकात काय सापडलं एवढं? मी म्हटलं, तुम्ही सांगितलं तेच छापलंय. त्या म्हणाल्या, "मंग पुस्तकाले पैसे काऊन देतेत लोक," आणि मला पुढचा ढीग सरकवला.

खूण बदलायची मुदत या महिन्याची आहे. उद्या हा माल पुरा करून देतो. परवा बस मिळाली तर


गडचिरोली
२७ मे

आपा,

बस मिळाली. परवा नाही, त्यानंतर. टायर फुटला होता, मग दुसऱ्या गाडीची वाट पाहण्यात दिवस गेला, त्या फाट्यावर एक कुत्री तिची पिल्लं एकेक करून रस्त्यापलीकडे नेत होती आणि मी तेच बघत बसलो. पण पोचलो.

केंद्रात विक्कीच होता. मी म्हटलं, पर्याय बदलायचाय. त्यानं अर्ज काढला आणि म्हणाला कारण लिही. मी लिहिलं: शब्दाचा अर्थ चुकीचा समजलो. तो वाचून म्हणाला, "असं नाई लिहता येत. वैयक्तिक लिही."

मी म्हटलं, वैयक्तिक नाही, शब्दाचंच आहे.

"अरे पण ते वर जाते ना, दिव्यानी मॅडमकडे. मॅडमले काय वाटन? का आपल्या केंद्रात कोणी सांगतलं नाई का पोट्ट्याले?"

तूच सांगितलं होतंस, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्यालाही त्याच मोबाईलनं फसवलं होतं, सारख्या उच्चाराचा दुसराच शब्द दाखवून. वैयक्तिक लिहिलं. त्यानं शिक्का मारला आणि हळूच विचारलं, म्हणजे गुपचूपचं नाई का ते? मी पुस्तिका त्याच्यासमोर ठेवली. त्यानं वाचली. मग म्हणाला की त्यानंही मागच्या वर्षी सलगच घेतलं होतं आणि राहिलं होतं. पास झाला असता तर खुर्चीच्या या बाजूला नसता म्हणाला. नंतर आम्ही चहा प्यायलो. आता बे म्हणत नाही. अबे म्हणतो.

एक महिनाही नाही हातात. केंद्राच्या मागच्या खोलीत बसून वाचायची परवानगी आहे. पंखा आहे, लाइट असते तेव्हा फिरतो. तर्काचं प्रकरण वाचतोय. जर, तर, आणि, किंवा. हे गणित आहे यावर पहिल्या दिवशी माझा विश्वासच बसेना. मग "तर" आणि "तरच" पाशी आलो.

तुला हे येतं, तरी लिहितो, कारण लिहिलं की मला कळतं. समज चाचांचं उदाहरण. "बाजार भरला तर चाचा चहा पाजतात." म्हणजे बाजार भरला की चहा नक्की. आता एक अक्षर वाढव. "बाजार भरला तरच चाचा चहा पाजतात." म्हणजे बाजार भरला नाही तर चहा नाही, एवढंच. भरला म्हणून मिळेलच, असं त्यात कुठे नाही. चाचांच्या बाबतीत दुसरं वाक्य खरं आहे.

हे वाचून मी वही मिटली. बाहेर जाऊन आलो. पुन्हा उघडली.

"काहीतरी एक पूर्ण करशील तरच मला फोन कर."

वर्षभर मी हे चुकीचं ऐकत होतो, आपा. मी ऐकत होतो की पूर्ण कर, मग मी बोलेन. तू तसं काही म्हणालीच नव्हतीस. तू गणिताची बाई, तुझ्या तोंडून तो "च" चुकून आला नसणार. पूर्ण केल्याशिवाय फोन करायचा नाही, एवढं आहे त्या वाक्यात. पूर्ण केल्यावर तू उचलशील, हे नाही. मी ज्याच्यावर चालत होतो ते वाक्यात नव्हतंच.

त्या दिवशी पुढे वाचलं नाही. केंद्रासमोरून आलापल्लीची गाडी जाते, तिच्यात चढायला दोन मिनिटं लागतात. आलापल्लीत माझा दोस्त लच्छू आहे, तो म्हणतो तेलंगणात मिरचीच्या गोदामात काम आहे, कधीही ये. मी थांब्यावर जाऊन उभा राहिलो होतो. गाडी आली, गेली. का नाही चढलो ते नीट सांगता येत नाही. पाय दुखत होते. आणि मोजणीच्या नियमांचं एक उदाहरण अर्धं सोडून आलो होतो, पाच बाजार किती क्रमांनी करता येतील याचं, त्याचं उत्तर मला कळायला हवं होतं.

एकशे वीस आलं. चाचा आयुष्यभर त्यातल्या एकाच क्रमानं हिंडताहेत. कळवणार आहे त्यांना, शिव्या देतील. विक्की कुलूप लावतोय, बाकीचं


गडचिरोली
२२ जून

आपा,

आज पेपर झाला.

तुला माझी सवय माहीत आहे. अर्ध्या तासाची घंटा झाली की बाहेर सोडतात, आणि मी पहिला उठणारा. अकरावीपासून. बारावीच्या फिजिक्सला तू शाळेच्या गेटबाहेर डबा घेऊन उभी होतीस आणि मी इतक्या लवकर बाहेर आलो की डबा अजून गरम होता. तो डबा आपण तिथेच कट्ट्यावर खाल्ला.

आज घंटा झाली. दोघं उठले. माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगाही उठला, जाताना माझ्याकडे असं बघत गेला, की तू येतोस का. लाइट गेली होती. खिडकीतून थांबा दिसतो, आलापल्लीची गाडी लागलेली होती. माझा हात पेनाचं टोपण लावत होता, मी त्याला सांगितलेलं नसताना. टोपण काढलं.

संच सोपे गेले. मोजणीत एक चुकलं असं बाहेर आल्यावर कळलं. जाळीचा प्रश्न अर्धाच येत होता, तो अर्धा लिहिला आणि पुढे जे वाटलं तेही लिहिलं. तर्कात "तरच" होतंच. तिथे माझा हात थांबला नाही. शेवटचा प्रश्न अजिबात येत नव्हता. तो मी पुन्हा पुन्हा वाचला, आणि मग काही नाही, तर प्रश्नातली माहिती संचांमध्ये मांडून ठेवली, नीट, कंस लावून, कोणी पाहुणा येणार असल्यासारखी. शेवटची घंटा झाली तेव्हा वर्गात मी आणि अजून चौघं होतो. वर्गावरच्या बाईंनी माझ्या हातातून पेपर घेतला. तोपर्यंत कधी कोणी माझ्या हातातून पेपर घेतला नव्हता, मीच टेबलावर टाकून निघायचो.

पास होईन का माहीत नाही. निकालाला वेळ आहे. अब्बूंना फोन केला, ते म्हणाले, मशीन कुठे पळून जात नाही, निकाल येऊ दे. मागे पिंजण्याचा आवाज होता, पण या वेळी त्यांनी तो बंद केला आणि मग बोलले.

आता कोंबड्या.

त्या दिवशी बल्लारशाला मी पॉलिटेक्निक सोडून येत नव्हतो. परत चाललो होतो. सुट्टीत राजुऱ्याला आलो होतो, सगळ्यांना वाटलं कायमचा आला, तुलाही कोणीतरी तसंच कळवलं. तू फोन केलास तेव्हा माझ्या हातात नागपूरच्या गाडीचं तिकीट होतं. ते सांगायच्या आत तू वाक्य बोललीस आणि ठेवलास.

तेवढ्यात तो माणूस उठला आणि म्हणाला, भाऊ, जराक टोपली पाहजो, आलोच. मी म्हटलं बरं. तो गेला. गाडी आली. तो नाही आला. टोपली तिथेच ठेवून मला चढता आलं असतं, कोंबड्या बांधलेल्या होत्या, कुठे जाणार होत्या? पण तुझं वाक्य कानात ताजं होतं. काहीतरी एक पूर्ण कर. त्या घडीला माझ्या हातात पूर्ण करण्यासारखं तेवढंच होतं. मी टोपलीजवळ बसून राहिलो. गाडी सुटली. कोंबड्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही. तो माणूस बऱ्याच उशिरानं आला, कुठल्या तरी कागदासाठी अडकला होता म्हणाला. त्यानं कोंबड्या मोजल्या. बरोबर भरल्या. मला बिडी देऊ केली, मी ओढत नाही म्हटलं, तर म्हणाला चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशीही गाडी होती. ती मी का नाही पकडली, त्याला कोंबड्या जबाबदार नाहीत. दमलो होतो. तू म्हणालीस ते खरंच असेल असं वाटायला लागलं होतं, आणि एकदा तसं वाटलं की तसं वागणं सोपं जातं.

पण वाक्याच्या हिशेबानं बघ. राखायच्या होत्या, राखल्या, पूर्ण. म्हणजे तुझी अट मी त्याच संध्याकाळी पुरी केली होती आणि तेव्हाच फोन करू शकलो असतो. हे मला खंडित गणित आल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर ही पत्रं झाली नसती आणि तुझं लाल पेनही वाचलं असतं.

पेपर तर पूर्ण लिहिलाच. तू पास होण्याचं बोलली नव्हतीस.

रविवारी दुपारी जोहरच्या नमाजानंतर फोन करतो, तुझी ट्यूशन सुरू व्हायच्या आधी. तू उचलशील असं त्या वाक्यात कुठेच नाही, हे मला आता नीट कळतं. आपा, मी ते पुष्कळदा वाचून पाहिलं. उचलणार नाहीस असंही त्यात नाही.

हे पत्र इथे संपलं. बस वगैरे काही आलेली नाही.

तुझा
अनस